घरच्या वर्कशॉपसाठी नवा मायटर सॉ: आधी फळीची रुंदी, मग मशीन

मायटर सॉ, म्हणजे पट्टी ठरलेल्या कोनात आडवी कापणारे गोल ब्लेडचे मशीन, बदलायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात ब्लेडच्या आकारापासून सुरू होतो. दहा इंची आहे, आता बारा इंची घेऊ, म्हणजे प्रश्नच मिटेल. मला हा हिशोब उलटा वाटतो. घरच्या कामात ब्लेडचा व्यास शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी ठरते ती आपण कापतो त्या लाकडाची रुंदी, मग कोन किती नेमका हवा ते, मग मशीन कुठे बसणार ते. या तीन गोष्टी कागदावर उतरवल्या की दुकानात ठेवलेल्या मशीनांपैकी निम्मी आपोआप गळतात.

हा लेख सांगली, मिरज, कुपवाड परिसरात घरी सुतारकाम करणाऱ्यांसाठी आहे. गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बेंच टाकलेला आहे, सुट्टीच्या दिवशी फोटो फ्रेम, कपाट, देव्हारा, क्वचित एखादी चौकट होते आणि जुन्या साध्या मशीनवर आता भागत नाही, असे वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

पहिली पायरी: जुन्या मशीनची खरी परीक्षा

नवे घेण्याआधी जुन्या मशीनला एक चांगले, धारदार ब्लेड लावा. मशीनसोबत येणारे ब्लेड बहुधा 24 ते 40 दातांचे असते. त्याने बांधकामाचे लाकूड कापता येते, पण सागवानाच्या पट्टीची कड फाटते आणि प्लायचे वरचे व्हिनिअर उडते. हा दोष ब्लेडचा, आणि बोल मात्र मशीनला लागतो. 255 मिमीच्या, म्हणजे दहा इंची मशीनला 60 किंवा 80 दातांचे ब्लेड लावून पाहा. काप समाधानकारक आला तर तुमचे बरेच पैसे वाचले.

मग काटकोन तपासा, आणि तो गुण्याच्या भरवशावर नको. स्वस्तातला गुण्याच मुळात चुकीचा असू शकतो. 100 मिमी रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली एमडीएफची पट्टी घ्या. मशीन शून्यावर ठेवून ती मधोमध कापा. आता एक तुकडा तसाच ठेवून दुसरा उलथा करा, म्हणजे वरची बाजू खाली. दोघांची एकच कड सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडे भिडवा. फट दिसली नाही तर मशीन काटकोनात आहे. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक चूकही डोळ्याला दिसते. मशीनच्या स्क्रूने ही चूक दुरुस्त होत असेल आणि आठ-दहा काप झाल्यावरही कोन टिकत असेल, तर मशीन चांगले आहे. दुरुस्त करूनही दर वेळी नवीच फट येत असेल तर कुठेतरी खेळ, म्हणजे ढिलेपणा आहे: बिजागरीत, टर्नटेबलमध्ये (कोन लावायला फिरणाऱ्या तबकडीत) किंवा बेअरिंगमध्ये. असे मशीन बदलायला हरकत नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, याचे उत्तर फ्रेममध्ये आहे. चार कोपऱ्यांच्या फ्रेमला 45 अंशांचे आठ काप लागतात. प्रत्येक काप फक्त 0.1 अंशाने एकाच बाजूला चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यावर 0.8 अंश जमा होतात. पट्टी 60 मिमी रुंद असेल तर तिथे जवळजवळ 1.2 मिमीची फट उघडते. पॉलिश झाल्यावर ती काळी रेघ बनून वर्षानुवर्षे भिंतीवर दिसत राहते. लांबीच्या मापात एक सूत इकडेतिकडे झाले तर निभावता येते, कोनात निभावता येत नाही.

दुसरी पायरी: रुंदी लिहून काढा

गेल्या वर्षभरात काय काय कापले आणि पुढे काय कापायचे आहे त्याची यादी करा. आपल्याकडच्या घरगुती कामात साधारण ही मापे येतात: फ्रेमची पट्टी 40 ते 60 मिमी, ड्रॉवरच्या बाजू 100 ते 150 मिमी, पाच बाय अडीचच्या चौकटीचे लाकूड 125 बाय 62 मिमी, शेल्फची फळी 225 ते 300 मिमी, जिन्याची पायरी 250 ते 280 मिमी.

आता मशीनांची क्षमता बघा. न सरकणारे 255 मिमीचे मशीन काटकोनात साधारण 130 मिमी रुंदी कापते. मकिता एलएस1040 हे या वर्गातले जुने, ओळखीचे मशीन. पाच बाय अडीचची चौकट त्यातून जेमतेम निघते. कोन 45 केला की रुंदी 90 मिमीच्या आसपास येते. न सरकणारे 305 मिमीचे, म्हणजे बारा इंची मशीन काटकोनात 200 मिमीच्या आसपास जाते. सरकणाऱ्या, म्हणजे स्लायडिंग मशीनचे गणित वेगळे आहे. बॉशच्या जीसीएम 8 एसजेएलचे ब्लेड फक्त 216 मिमीचे, तरी ते काटकोनात 312 मिमी रुंद फळी कापते. उंची मात्र 70 मिमीवर थांबते. खाटेचा तीन इंची पाय, म्हणजे 75 मिमी, त्यात एका दमात निघत नाही, उलटून दोन बाजूंनी कापावा लागतो.

इथेच निम्मा निर्णय होतो. यादीत शेल्फ आणि पायऱ्या असतील तर स्लायडिंग घ्या. फ्रेम, बीडिंग आणि चौकटी एवढेच असेल तर न सरकणारे चांगले मशीन स्वस्तही पडते आणि जास्त नेमकेही कापते. जाड पाय आणि रुंद फळ्या दोन्ही असतील तरच 255 मिमीच्या स्लायडिंगकडे वळा. 305 मिमीचे स्लायडिंग मी घरच्या वर्कशॉपला सहसा सुचवत नाही. ते वजनाने जड, ब्लेड महाग, आणि व्यास वाढला की पातळ ब्लेडचे टोक जास्त डोलते.

प्लायची आठ बाय चारची शीट हे मायटर सॉचे काम नाही. त्यासाठी सर्क्युलर सॉ आणि सरळ गाइड लागते. ते काम नजरेसमोर ठेवून मोठा मायटर सॉ घेऊ नका.

तिसरी पायरी: सरकणाऱ्या मशीनची किंमत समजून घ्या

स्लायडिंगमध्ये रुंदी मिळते, त्या बदल्यात ताठपणा थोडा जातो. मोटर आणि ब्लेड दोन नळ्यांवर पुढे येतात. मशीनचा हात, म्हणजे हा मोटर-ब्लेडचा भाग, पूर्ण पुढे ओढला की सगळा भार त्या नळ्यांच्या टोकाशी असतो, आणि तिथे जरासा आडवा दाब पडला तरी ब्लेड बाजूला जाते. चांगल्या आणि सामान्य स्लायडिंग मशीनमधला खरा फरक या जागी कळतो. वॅटच्या आकड्यावरून तो कळत नाही.

दुसरी अडचण जागेची. साध्या स्लायडिंगच्या नळ्या मागे सरकतात, म्हणून फेन्सच्या, म्हणजे लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीच्या, मागे बराच मोकळा भाग सोडावा लागतो. दोन फुटी बेंच भिंतीला लावलेला असेल तर मशीन बसतच नाही. यावर दोन तोडगे बाजारात आहेत. बॉशच्या जीसीएम 12 जीडीएलमध्ये नळ्यांऐवजी कोपरासारखा दुमडणारा हात आहे. मकिताच्या एलएस1019एलमध्ये नळ्या स्थिर राहतात आणि मोटरचा भाग त्यांच्यावरून पुढेमागे जातो. दोन्ही भिंतीला जवळपास टेकवून ठेवता येतात. किंमत चढी आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत काम करणाऱ्याला ती जागा पैशांपेक्षा मोलाची असते.

सरकवून कापायची रीत आधीच सांगतो, कारण साध्या मशीनवरून आलेला माणूस ती सवयीने चुकतो. मशीन बंद असताना हात पुढे ओढा, मग सुरू करा, ब्लेड खाली दाबा आणि लाकडातून मागे ढकलत न्या. ब्लेड फिरत असताना ते आपल्याकडे ओढत कापू नये. तसे केले तर ब्लेड लाकडावर चढून थेट अंगावर येते.

चौथी पायरी: झुकाव किती हवा?

दुकानदार ब्लेड दोन्ही बाजूंना झुकणाऱ्या मशीनची भलामण करतात. परदेशात छत आणि भिंतीच्या सांध्याला लाकडी मोल्डिंग लावतात, तिथे त्याचा रोज उपयोग होतो. बऱ्याच मशीनांच्या टर्नटेबलवर 31.6 अंशांची खाच असते ती त्या मोल्डिंगसाठीच. आपल्या घरांत तिथे पीओपीची कॉर्निस असते. म्हणून फक्त या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नका.

एक काम मात्र असे आहे की तिथे आडवा कोन आणि झुकाव दोन्ही एकदम लागतात. ते म्हणजे देव्हाऱ्याचे उतरते छत किंवा शिखर. चौकोनी शिखराच्या चारही बाजू आडव्या पातळीपासून 45 अंश उताराच्या असतील, तर पट्टी टेबलावर सपाट ठेवून टर्नटेबल 35.3 अंशांवर आणि झुकाव 30 अंशांवर लावायचा. उतार 60 अंशांचा हवा असेल तर टर्नटेबल 26.6 आणि झुकाव 37.8. हे भूमितीने निघणारे आकडे आहेत, मशीन कोणतेही असो. एकाच बाजूला झुकणाऱ्या मशीनवरही हे काप निघतात. फक्त पट्टीची कोणती कड फेन्सला लावायची आणि कोणत्या बाजूचा तुकडा ठेवायचा, हे प्रत्येक कापाआधी बदलावे लागते. टाकाऊ पट्टीवर आधी चारही काप करून जोडून पाहा, मग सागवानाला हात लावा.

या कामासाठी झुकावाची पट्टी मोठ्या अक्षरांची आणि समोरून वाचता येणारी असावी. काही मशीनांत ती मागे असते आणि दर वेळी वाकून बघावे लागते.

पाचवी पायरी: दुकानात हात लावून तपासा

ही पायरी टाळून फक्त फोटो बघून मागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन दोन-तीन हजार स्वस्त मिळेलही, पण डिस्प्लेवरचे मशीन हाताळल्याशिवाय त्याचा खेळ कळत नाही. दुकानदाराला प्लग काढायला सांगा, एक फूटभर स्टीलची पट्टी सोबत न्या आणि वेळ घ्या.

स्टीलची पट्टी फेन्सच्या दोन्ही भागांवर एकदम टेकवा. मशीनची फेन्स मधे तुटलेली असते, आणि डावा-उजवा भाग एका रेषेत नसेल तर डावीकडून कापलेला आणि उजवीकडून कापलेला कोन कधीच जुळणार नाही. पट्टीखालून उजेड दिसला तर ते मशीन बाजूला ठेवा. हीच पट्टी टेबलावर आडवी टेकवून टेबल आणि टर्नटेबल एका पातळीत आहेत का तेही बघा.

मग मशीनचा हात खाली घेऊन लॉक करा आणि दांडा अगदी हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवा. स्लायडिंग असेल तर पूर्ण बाहेर ओढून हीच परीक्षा घ्या. थोडी लवचिकता चालते. ‘टक’ असा आवाज येऊन हात सैल हलत असेल तर ते चालणार नाही.

टर्नटेबल 45 च्या खाचेत बसवा, काढा, पुन्हा बसवा. खाच पक्की पकडते का? मग खाचेपासून अगदी थोडे बाजूला, म्हणजे 44.8 वगैरेवर लॉक करून बघा. काही मशीनांत लॉक आवळताना टर्नटेबल ओढून परत खाचेत जाते. आपल्या घरांच्या भिंती क्वचितच नव्वद अंशांत असतात. बीडिंग बसवताना असा जरासा वाकडा कोन हमखास लागतो, म्हणून खाच बाजूला सारण्याची सोय असलेले मशीन घ्या.

ब्लेड हाताने फिरवा आणि फेन्सजवळून त्याच्या कडेकडे बघत राहा. डोलत असेल तर आधी दुसरे ब्लेड लावून बघायला सांगा, म्हणजे दोष ब्लेडचा की शाफ्टचा ते कळते.

रेघ दाखवायच्या सोयीबद्दल थोडे. लेसर दिसायला छान असतो, पण हिसके बसून तो हळूहळू हलतो आणि पुन्हा जुळवावा लागतो. डिवॉल्टच्या काही मशीनांत ब्लेडच्या वरून एलईडीचा प्रकाश टाकून ब्लेडची सावलीच लाकडावर पाडतात. सावली म्हणजे ब्लेडचीच जाडी, म्हणून तिला जुळवावे लागत नाही. कापाच्या दोन्ही कडा दिसतात. पर्याय असेल तर मी ही सावलीची सोय घेईन.

शेवटी सुट्या भागांची चौकशी. कार्बन ब्रश, खालचे गार्ड, टेबलातली इन्सर्ट पट्टी आणि बेल्ट असेल तर बेल्ट, एवढे भाग किती दिवसांत मिळतात ते विचारा. सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे आणि वॉरंटीत मशीन तिथवर कोण पोचवणार, हेही बिल करण्याआधीच बोलून घ्या.

सहावी पायरी: वीज

1600 वॅटचे मशीन 230 व्होल्टवर सुमारे 7 अँपिअर घेते, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे 6 अँपिअरच्या साध्या पॉइंटला ते लावू नका. 16 अँपिअरचा पॉइंट, चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), एवढे वर्कशॉपला हवेच. एक्स्टेन्शन वापरायचे असेल तर 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. सॉफ्ट स्टार्ट असलेले, म्हणजे हळूहळू वेग घेणारे मशीन घेतले तर एमसीबी उगाच पडत नाही आणि सुरू होताना हाताला हिसकाही बसत नाही.

संध्याकाळी व्होल्टेज उतरते अशा भागात ब्लेडचा वेग कमी होतो. अशा वेळी जोर लावून कापू नका. मोटर तापते आणि कापही जळका येतो.

सातवी पायरी: वजन आणि पाणी

इतर गावांत वजनाचा विचार फक्त ने-आण करण्यापुरता असतो. सांगलीत त्याला आणखी एक कारण आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. नदीकाठच्या वस्तीत तळमजल्यावर वर्कशॉप असेल तर मशीन दोघांना, शक्यतो एकट्याला, जिन्याने वर नेता आले पाहिजे. 216 मिमीचे स्लायडिंग साधारण 17 किलोच्या घरात असते, ते एकटा माणूस उचलतो. 305 मिमीचे स्लायडिंग 25 ते 30 किलोंपर्यंत जाते आणि जिन्यात धरायला अवघड असते.

म्हणून मशीन बेंचला कायमचे नटबोल्टने जखडू नका. 18 मिमी प्लायच्या पाटावर बसवा आणि पाट बेंचला दोन क्लॅम्पने धरा. इशारा पातळीची, म्हणजे 40 फुटांची, बातमी आली की क्लॅम्प सोडून मशीन पाटासकट वर न्यायचे. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटर वाळवून लगेच सुरू करू नये, आत गाळ आणि ओल राहते. ती उघडून साफ करून घ्यावी लागते.

आठवी पायरी: ब्लेड

एकूण खर्चातला एक हिस्सा पहिल्या दिवसापासून ब्लेडसाठी राखून ठेवा. 216 मिमीला 48 ते 60 दात, 255 ला 60 ते 80, 305 ला 80 ते 96 हा बारीक कामाचा अंदाज धरा. दातांचा झुकाव कमी किंवा उणे असलेले ब्लेड मायटर सॉसाठी योग्य असते. पुढे झुकलेल्या दातांचे टेबल सॉचे ब्लेड लाकूड ओढून घेते, आणि सरकत्या मशीनवर ते धोक्याचे आहे.

मधल्या भोकाचे माप बघितल्याशिवाय ब्लेड घेऊ नका. बाजारात 25.4 आणि 30 मिमी दोन्ही मिळतात. ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटातले फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच असला पाहिजे. एक गोष्ट ठामपणे सांगतो: लोखंडी (एमएस) पाइप कापायचे 355 मिमीचे चॉप मशीन वेगळे आणि लाकडाचा मायटर सॉ वेगळा. लोखंडाची घासणारी डिस्क लाकडाच्या मशीनला लावू नका, आणि लाकडाचे ब्लेड त्या मशीनला लावू नका. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांसाठी विकले जाणारे कटर लाकडासाठी घेत असाल तर ब्लेड बदलूनच वापरा.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. त्यातला चिकटपणा दातांवर साठतो आणि ब्लेड बोथट झाल्यासारखे वाटते. धार लावायला देण्याआधी ब्लेड कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, लगेच कोरडे करा आणि पुन्हा कापून बघा.

नववी पायरी: भुसा आणि सुरक्षितता

मशीनसोबतची कापडी पिशवी थोडाच भुसा पकडते, उरलेला मागे उडतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. म्हणून मशीनच्या मागे प्लायची तीन बाजूंची पेटी करा, तिच्या तळाला व्हॅक्यूमची नळी जोडा आणि चांगला मास्क लावा. एमडीएफ कापताना दार-खिडकी उघडी ठेवा.

हात ब्लेडपासून 150 मिमी लांब ठेवा. तुकडा त्याहून लहान असेल तर क्लॅम्प लावा किंवा लांब पट्टीवरच काप घ्या. लाकूड फेन्सला टेकलेले असलेच पाहिजे. काप झाला की बटन सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि मगच मशीनचा हात वर उचला. यामुळे छोटा तुकडा उडत नाही आणि कडही फाटत नाही. हातमोजे घालू नका, ओढणी आणि सैल बाह्या आवरा, चष्मा आणि कानावर मफ लावा. नवी मोटर शांत वाटली तरी ब्लेडचा आवाज कानाला त्रास देण्याएवढा असतो.

दहावी पायरी: बसवणे आणि जुळवणे

पेटी उघडल्यावर लगेच लाकूड कापू नका. कारखान्यात कोन जुळवलेले असतात, पण वाहतुकीत हलू शकतात. आधी प्लग काढून ठेवा आणि ब्लेड टेबलाला उभे काटकोनात आहे का ते बघा. नंतर फेन्स ब्लेडशी काटकोनात लावा. क्रम हाच ठेवा, कारण ब्लेड तिरके असेल तर फेन्सचे मोजमाप फसते. त्यानंतर वर सांगितलेली उलथ्या तुकड्याची चाचणी घ्या आणि बिनफट जोड येईपर्यंत स्क्रू फिरवा. शेवटी 45 ची खाच तपासायला टाकाऊ पट्टीची छोटी फ्रेम करा.

दोन्ही बाजूंना मशीनच्या टेबलाच्याच उंचीचे आधार हवेत. लांब पट्टीचे टोक खाली लोंबले की काप तिरका येतो आणि दोष मशीनचा वाटतो. बेंचच्या मागे एक सरळ पट्टी ठोकून तिच्यावर सरकणारा लाकडी ठोकळा लावला की सारख्या लांबीचे तुकडे मापाशिवाय निघतात. फ्रेमच्या समोरासमोरच्या दोन पट्ट्या नेहमी याच ठोकळ्याला टेकवून कापा. टेबलावर आणि फेन्सवर 6 मिमी एमडीएफ दुतर्फी टेपने चिकटवून एकदा कापले की ब्लेडएवढीच फट तयार होते. तिच्यामुळे प्लायची खालची कड उडायची थांबते, आणि काप नेमका कुठे पडणार तेही आधीच दिसते.

पावसाळ्यात टेबलावर मेणाचा पातळ हात फिरवा, स्लायडिंगच्या नळ्या कोरड्या कापडाने पुसून ठेवा. त्यांना ग्रीस लावू नका, भुसा चिकटतो. गणपती झाले की उलथ्या तुकड्याची चाचणी पुन्हा एकदा घ्या, कारण ओलीने मशीनखालचा प्लायचा पाट आणि फेन्सवरचे एमडीएफ फुगलेले असते आणि कोन तेवढ्यानेही बदलतो.